पाठगीताचा प्रवास : चेन्नईतील शालेय संगीतशिक्षण आणि त्याचे मराठी संदर्भ

गाणे शाळेत आले की त्याचे स्वरूप बदलते. मैफलीत, देवळात, कीर्तनात किंवा शेतावर गायिले जाणारे गीत ज्या प्रसंगाशी बांधलेले असते तो प्रसंग शाळेच्या वर्गात नसतो. तेथे तास असतो, फळा असतो, तीस-चाळीस मुले असतात आणि वर्षाअखेरीस परीक्षा असते. अशा ठिकाणी गीताला पाठाचे रूप घ्यावे लागते. हे रूप घेतलेल्या, किंवा मुळात त्यासाठीच रचलेल्या गीताला ‘पाठगीत’ म्हणता येईल. साहित्याच्या अभ्यासकांनी या प्रकाराकडे फारसे लक्ष दिलेले नाही. संगीताच्या अभ्यासकांना ते प्राथमिक वाटते, तर साहित्याच्या अभ्यासकांना त्यातील शब्द दुय्यम वाटतात. परंतु एखाद्या समाजातील पुढची पिढी कोणत्या भाषेत, कोणाचे आणि कशासाठी गाणार, याचा निर्णय प्रत्यक्षात याच दुर्लक्षित रचनांतून होत असतो. चेन्नई हे या दृष्टीने विशेष उद्बोधक शहर आहे. तेथील संगीतशिक्षणाच्या इतिहासात मराठीचा धागाही अनेक ठिकाणी गुंतलेला दिसतो.

कर्नाटक संगीताचा प्रारंभिक पाठ्यक्रम सर्वपरिचित आहे. सरळी वरिसै, जंटा वरिसै आणि सात तालांतील अलंकार झाले की विद्यार्थी गीताकडे वळतो. त्यानंतर स्वरजती, वर्णम् आणि शेवटी कृती. या क्रमाचे जनकत्व परंपरा पुरंदरदासांकडे देते. पुरंदरदासांचा संबंध पुण्याजवळच्या पुरंदर किल्ल्याशी जोडणारी आख्यायिका मराठी वाचकाला ठाऊक असते. कर्नाटकातील काही संशोधक मात्र त्यांचे मूळ शिवमोग्गा परिसरात शोधतात. हा वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की, मूलपाठ ज्यांच्या नावावर आहे ते कन्नड भाषेत लिहिणारे, पंढरीच्या विठ्ठलाची मुद्रा धारण करणारे संतकवी आहेत, आणि त्यांचे पाठ पिढ्यान्पिढ्या गिरवणारी असंख्य मुले तमिळभाषक आहेत.

मलहरी रागातील प्रारंभिक गीते, ज्यांना ‘पिळ्ळारी गीते’ म्हणतात, त्यांची भाषा कन्नड-संस्कृत वळणाची आहे. पुढची गीते बहुधा संस्कृतात, स्वरजती आणि वर्णम् मुख्यत्वे तेलुगूत, आणि त्यागराजांच्या कृतीही तेलुगूतच. मयिलापूर किंवा त्यागरायनगरमधील मूल घरी तमिळ बोलते, शाळेत अनेकदा इंग्रजीत शिकते आणि संगीताच्या तासाला या दोहोंपेक्षा वेगळ्या भाषेत गाते. पाठगीताचा अर्थ त्याला सहसा सांगितला जात नाही, आणि सांगितला तरी तो परीक्षेत विचारला जात नाही. शब्द येथे स्वर पेलणारी अक्षरे म्हणून येतात. गीतात एकेका स्वराला एकेक अक्षर जोडलेले असते. त्यामुळे मूल आधी स्वरनामे म्हणते आणि मग त्याच चालीवर शब्द म्हणते. अशा वेळी शब्दाचा अर्थ आड येत नाही, हीच या पद्धतीची सोय आहे. मर्यादाही त्यातच आहे.

प्रारंभासाठी मायामाळवगौळ हा राग का, याचेही एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. सा-रि-ग-म आणि प-ध-नि-सा हे त्याचे दोन अर्धभाग सारख्या अंतरांनी रचलेले आहेत; म्हणून एक अर्ध साधला की दुसरा साधतो. हिंदुस्थानी परिभाषेत हे भैरव थाटाचे स्वर होत. म्हणजे पुण्यातील मूल बिलावल किंवा भूप यांनी आरंभ करते, तर चेन्नईतील मूल कोमल ऋषभ-धैवताने. अर्धभागांचे साम्य बिलावलातही आहे. त्यामुळे केवळ साम्याचे स्पष्टीकरण अपुरे पडते. मायामाळवगौळाचे स्वर गमकाशिवाय, सरळ उभे राहून गाता येतात, हे त्याहून पटणारे कारण आहे. कर्नाटक संगीतातील बहुसंख्य रागांत स्वर स्थिर नसतो, तो आंदोलित होऊन येतो. शाळेतील पहिला पाठ अशा रागातून दिला तर स्वर नेमका कोणता, हेच मुलाला कळणार नाही.

संगीत हा शालेय ‘विषय’ होण्याच्या पुष्कळ आधी तमिळ प्रदेशात ते शालेय ‘साधन’ झालेले होते, आणि ते मराठीत. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८-१८३२) यांनी छापखाना, ग्रंथसंग्रह आणि शाळा यांवर जी मेहनत घेतली ती सुविदित आहे. ओरतनाड येथील मुक्तांबाळ छत्राला जोडून त्यांनी शिक्षणाची सोय केली होती. त्यांच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक पदांच्या द्वारे जगाचा भूगोल सांगते. ही कल्पना प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटते. पण कुरवंजी या तमिळ नाट्यप्रकाराची घडण पाहिली की तिची सयुक्तिकता ध्यानात येते. कुरवंजीत विरहिणी नायिका असते आणि तिचा हात पाहून भविष्य सांगणारी डोंगरातील कुरव जमातीची स्त्री असते. ही स्त्री भविष्याआधी आपल्या डोंगराचे, नद्यांचे, देशाचे आणि आपण हिंडलेल्या मुलखांचे वर्णन गाते. तिरिकूट राजप्प कविरायर यांच्या अठराव्या शतकातील ‘कुट्राल कुरवंजी’त हा भाग अत्यंत रमणीय उतरला आहे. भूवर्णनाची जागा त्या प्रकारात आयतीच होती. सरफोजींनी त्या जागी युरोपीय ज्ञानातून आलेले खंड, देश आणि नद्या आणून बसवल्या. तमिळ रूप, मराठी भाषा, कर्नाटक संगीत आणि पाश्चात्त्य भूगोल एवढे चौघे एका पाठगीतात एकत्र आल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही. पुढे चेन्नईत कलाक्षेत्राने १९४४ साली ‘कुट्राल कुरवंजी’ रंगमंचावर आणली. मराठी कुरवंजी मात्र प्रयोगापेक्षा ग्रंथालयातच अधिक राहिली. मराठी नाटकाचा इतिहास सामान्यतः सांगलीपासून सुरू करण्याची सवय याला काही अंशी कारणीभूत असावी.

तंजावरच्या मराठी कीर्तनपरंपरेतून साकी, दिंडी, ओवी, अभंग हे छंद तमिळ हरिकथेत रुजले. तंजावर कृष्ण भागवतर आणि त्यांच्यानंतरच्या कथाकारांना हे छंद अवगत असणे अपेक्षित असे. हे शिक्षण शाळेतले नव्हे, म्हणून त्याचा उल्लेख एवढाच पुरे. पण तमिळ श्रोत्याच्या कानाला मराठी छंदाची ओळख होती, ही गोष्ट पुढच्या घटनेच्या संदर्भात उपयोगी आहे.

ती घटना म्हणजे गायन समाजाची. १८७४ साली पुण्यात ‘पूना गायन समाज’ स्थापन झाला. (भास्करबुवा बखले यांनी १९११ साली स्थापलेला भारत गायन समाज वेगळा, दोहोंची गल्लत वारंवार होते.) बळवंत त्र्यंबक सहस्रबुद्धे हे पूना गायन समाजाचे चिटणीस. १८८३ साली या समाजाची शाखा मद्रासमध्ये निघाली आणि राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ती ‘मद्रास ज्युबिली गायन समाज’ या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या निधीला साहाय्य म्हणून १८८७ साली मुंबईत ‘हिंदू म्युझिक अँड द गायन समाज’ हे इंग्रजी पुस्तक छापले गेले. संगीताचे पद्धतशीर शिक्षण हे या उद्योगाच्या मुख्य उद्दिष्टांपैकी एक होते.

एवढ्या माहितीतूनही काही गोष्टी स्पष्ट होतात. पुणे आणि मद्रास यांच्यातील या व्यवहाराची भाषा मराठी नव्हती, तमिळही नव्हती. ती इंग्रजी होती. दोन भिन्न संगीतपद्धतींना एकाच ‘हिंदू संगीता’च्या नावाखाली आणणे त्या भाषेतच शक्य झाले. समाजाच्या चालकांसमोर दोन वाचक होते. एक, आपल्या संगीतात शास्त्र नाही असे म्हणणारा युरोपीय अधिकारी. दुसरा, गाणे हे कुलीनाचे काम नव्हे असे मानणारा सुशिक्षित हिंदू गृहस्थ. पहिल्याला ग्रंथ, स्वरलिपी आणि श्रुतींचे गणित दाखवायचे होते; दुसऱ्याला शाळा, शिस्त आणि राजमान्यता. संगीताला शालेय विषयाची प्रतिष्ठा मिळवून देण्याची धडपड या दुहेरी पटवून देण्यातून उगवली. बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ साली निघाली, ती याच काळात. आणि मौलाबक्ष हे दक्षिणेत जाऊन तेथील संगीत शिकून आलेले होते. उत्तर-दक्षिण देवाणघेवाणीचे हे चित्र पाहिले की, शालेय संगीताचा आधुनिक विचार एका प्रांतात जन्मून दुसऱ्यात पसरला, अशी सरळ मांडणी टिकत नाही.

शाळेला पुस्तक हवे, आणि पुस्तकाला स्वरलिपी. येथे चेन्नई आणि महाराष्ट्र यांचे मार्ग वेगळे झाले. मद्रासमध्ये ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार यांनी १८९० च्या दशकात कर्नाटक रचना पाश्चात्त्य स्टाफ लिपीत छापण्याचा अवाढव्य खटाटोप केला. त्यांच्याच आग्रहातून सुब्बराम दीक्षितर यांचा ‘संगीत संप्रदाय प्रदर्शिनी’ हा ग्रंथ आकाराला आला आणि १९०४ साली एट्टयपुरम् येथे तेलुगू लिपीत छापला गेला. दीक्षितरांनी निरनिराळ्या गमकांसाठी निरनिराळी चिन्हे योजली होती. संशोधनाच्या दृष्टीने हा ग्रंथ अद्वितीय आहे. शाळेत मात्र ती चिन्हे गेली नाहीत. शालेय पुस्तकांत वरती रागाचे नाव, आरोह-अवरोह आणि ताल दिला जातो व खाली केवळ स रि ग म प ध नि ही अक्षरे येतात. ऋषभ शुद्ध की चतुःश्रुती, गांधार साधारण की अंतर, हे अक्षरावरून कळत नाही. राग ठाऊक असेल तरच कळते. भातखंडे यांच्या लिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ येते, म्हणून अनोळखी रागाची बंदिशही निदान ढोबळ रूपात वाचता येते. चेन्नईचे पुस्तक गुरूला गृहीत धरते. भातखंड्यांचे पुस्तक गुरू नसल्याची शक्यता गृहीत धरते. लिपीतील एका रेघेचा हा फरक शिक्षणाच्या दोन कल्पनांमधला फरक आहे. चेन्नईची लिपी अपुरी आहे अशी टीका अनेकदा होते. परंतु तिचा अपुरेपणा हीच गुरूची जागा राखून ठेवण्याची युक्ती होती, असेही त्याकडे पाहता येते.

विष्णू नारायण भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या प्रवासास निघाले. मद्रास, तंजावर, मदुरा असे हिंडत ते एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांना भेटले. या प्रवासात व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ या सतराव्या शतकातील तंजावरच्या ग्रंथाचा त्यांना लाभ झाला आणि मेळपद्धतीचा विचार पुढे दहा थाटांच्या मांडणीत उतरला, हे संगीताच्या प्रत्येक पुस्तकात असते. साहित्याच्या अभ्यासकाने ज्याकडे वळावे ती गोष्ट दुसरी आहे. दक्षिणेत व्यंकटमखीच्या नावावर ‘लक्षणगीते’ प्रचलित आहेत. रागाचा मेळ, त्याचे वर्ज्य स्वर, त्याची वळणे हे सारे त्या रागातच गाऊन सांगणारी ही गीते होत. त्यांची भाषा कोठे संस्कृत, तर कोठे ‘भांडीर’ नावाने ओळखली जाणारी प्राकृत वळणाची. भातखंड्यांनी ‘चतुर’ या मुद्रेने जी लक्षणगीते रचली आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती – क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत घातली, त्यांची प्रेरणा या दाक्षिणात्य गीतांत आहे असे मानले जाते.

एखादा वाङ्मयप्रकार स्थलांतर करतो तेव्हा काय बदलते आणि काय टिकते, याचा हा नमुना आहे. रचनेचे तत्त्व टिकले: गीत स्वतःचेच व्याकरण सांगते, आणि लक्षण व लक्ष्य एकाच उच्चारात येतात. भाषा बदलली, संस्कृत-भांडीर जाऊन ब्रज-हिंदी वळण आले, आणि त्याभोवतीचे विवेचन मराठीत झाले. उपयोगही बदलला. दक्षिणेत लक्षणगीत हे पंडिताच्या संग्रहातील प्रमाण होते. भातखंड्यांच्या हाती ते वर्गात म्हणावयाचे पाठ झाले. काव्य म्हणून या रचना सामान्य आहेत, आणि त्यांनी काव्य असल्याचा दावा केलेलाही नाही. वृत्तात व्याकरण सांगणाऱ्या संस्कृत कारिकांशी त्यांचे नाते जवळचे आहे.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात चेन्नईतील संस्थात्मक चौकट उभी राहिली. १९२७ च्या मद्रास काँग्रेसला जोडून झालेल्या संगीत परिषदेतून १९२८ साली मद्रास म्युझिक अकादमीचे उद्घाटन झाले. १९३१ साली अकादमीने शिक्षकांसाठी संगीत महाविद्यालय काढले. टायगर वरदाचारियार हे त्याचे पहिले प्राचार्य. त्याच वर्षी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी विष्णू दिगंबर पलुसकरांचे निधन झाले. मंडळाने परीक्षांची साखळी उभारली. अकादमीने आधी शिक्षक घडवण्याचा मार्ग धरला. मद्रास विद्यापीठात पी. सांबमूर्ती यांनी ‘साउथ इंडियन म्युझिक’ या क्रमिक ग्रंथमालेतून विषयाला शालेय-महाविद्यालयीन शिस्त दिली. जर्मनीत पाश्चात्त्य संगीतशास्त्राचा परिचय करून घेतलेल्या या अभ्यासकाने अध्यापनपद्धती हाच स्वतंत्र विचाराचा विषय मानला. मुलींचे शिक्षण आणि संगीत यांची सांगड क्वीन मेरी महाविद्यालयासारख्या ठिकाणी पडली. विवाहाच्या बाजारात संगीताला मिळालेले मोल हे त्यामागचे कारण चेन्नईत कोणी लपवत नसे.

१९४९ साली सरकारी कर्नाटक संगीत महाविद्यालय निघाले आणि मुसिरी सुब्रह्मण्य अय्यर त्याचे प्राचार्य झाले. तेथे टी. बृंदा यांना अध्यापनासाठी पाचारण केले गेले. त्या वीणा धनम्माळ यांची नात. म्हणजे तंजावर दरबाराशी नाते सांगणाऱ्या कलावंतिणींच्या घराण्यातील. दोनच वर्षांपूर्वी, १९४७ साली, देवदासी-प्रतिबंधक कायदा झाला होता. शालेय संगीताची सारी प्रतिष्ठा ‘कुलीन घरातील मुलींनीही गावे’ या मागणीवर उभी होती. आणि या मुलींना जे गायचे होते त्याचा मोठा भाग ज्यांच्या कंठात टिकला होता त्या स्त्रिया या प्रतिष्ठेच्या बाहेर ठेवल्या गेल्या होत्या. बृंदांची नेमणूक हा या विसंगतीवरचा एक उतारा होता, सार्वत्रिक उपाय नव्हे. क्षेत्रय्यांच्या शृंगारपदांना पाठ्यक्रमात किती जागा द्यावी, हा प्रश्न यामुळेच केवळ संगीताचा राहिला नाही. महाराष्ट्रातील वाचकाला लावणी आणि शालेय पाठ्यपुस्तक यांच्यातील अंतर आठवले तर ते अप्रस्तुत ठरणार नाही.

भाषेचा प्रश्न, जो पाठगीताच्या पहिल्या धड्यातच दडलेला होता, तो १९४१ साली उघड झाला. अण्णामलै विद्यापीठात त्या वर्षी तमिळ इसै परिषद भरली. १९४३ साली मद्रासमध्ये तमिळ इसै संघम् स्थापन झाले. राजा अण्णामलै चेट्टियार, राजाजी, कादंबरीकार कल्की यांनी तमिळ गीतांची बाजू घेतली. त्यापूर्वी सुब्रह्मण्य भारतींनी अर्थ न कळता परभाषेतील तीच ती गाणी म्हणणाऱ्या गायकांवर कोरडे ओढले होते. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की संगीताला भाषा नसते. या युक्तिवादातील मेख अशी की, भाषा नसलेले संगीत प्रत्यक्षात तेलुगू व संस्कृतातच गायिले जात होते. तरीही तमिळ पक्षाची एक अडचण खरी होती. तेवारम् आणि तिरुप्पुगळ् यांसारखी संपन्न परंपरा असूनही, सरळी वरिसैनंतर लगेच हाती देता येतील अशी सोपी, श्रेणीबद्ध तमिळ पाठगीते तयार नव्हती. ती लिहवून घ्यावी लागली. मैफलीतील भाषा बदलणे तुलनेने सोपे होते. पहिला धडा बदलणे अवघड.

चेन्नईतील सर्व मुले जे एकमेव गीत एकत्र गातात ते शास्त्रोक्त पाठ्यक्रमातले नाही. मनोन्मणीयम् सुंदरम् पिळ्ळै यांच्या १८९१ सालच्या पद्यनाटकातील तमिळमातेचे स्तवन १९७० साली राज्याचे प्रार्थनागीत झाले. त्याला एम. एस. विश्वनाथन् यांनी मोहनम् रागात, म्हणजे मराठी कानाच्या ओळखीच्या भूपाच्या स्वरांत, चाल दिली. डिसेंबर २०२१ मध्ये ते अधिकृत राज्यगीत ठरले आणि गायनाचा कालावधी ५५ सेकंद निश्चित झाला. नाटकातील मूळ पद्याच्या काही ओळी, ज्यांत तमिळपासून इतर द्राविड भाषा उपजल्याचा आणि ‘आर्य’ भाषा प्रचारातून गेल्याचा उल्लेख आहे, त्या शालेय रूपात नाहीत. ग्रंथातील पद्य पाठगीत होताना त्याची संहिताच वेगळी होते, हे येथे शासकीय पातळीवर घडलेले दिसते. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये राजा बढे यांच्या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला तेव्हा त्यातीलही निवडक कडवीच घेतली गेली. चालीच्या बाबतीत मात्र दोन्ही राज्यांनी चित्रपट व भावसंगीताच्या क्षेत्रातील संगीतकारांचीच रचना स्वीकारली. तमिळनाडूत विश्वनाथन्, महाराष्ट्रात श्रीनिवास खळे. शेकडो मुलांनी एका श्वासात गावयाचे गीत बांधण्याची कला शास्त्रीय संगीताच्या शिक्षकांपेक्षा त्यांना अधिक अवगत होती.

२०१७ साली युनेस्कोने चेन्नईचा समावेश संगीताच्या सर्जनशील नगरांत केला. त्याच्या आधी, २००८ साली, ए. आर. रहमान यांची के. एम. म्युझिक कॉन्झर्वेटरी सुरू झाली, आणि त्याच वर्षी टी. एम. कृष्णा व बॉम्बे जयश्री यांच्या पुढाकाराने शालेय-महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ‘स्वानुभव’ हा उपक्रम निघाला. २०१३ साली संगीत व ललितकलांसाठी राज्याचे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले. सरकारी शाळांतील चित्र यापेक्षा वेगळे आहे. २०१२ साली तमिळनाडूत कला, क्रीडा, संगीत आदी विषयांसाठी अंशकालीन शिक्षक एकत्रित मानधनावर नेमले गेले; त्यांची कायम होण्याची मागणी पुढे अनेक वर्षे चालू राहिली. आठवड्यातील ठराविक अर्धे दिवस शाळेत येणाऱ्या या शिक्षकाला मायामाळवगौळाच्या चौदा सरळी वरिसै पूर्ण करण्याइतका अवधी क्वचितच मिळतो. तो बहुधा राज्यगीत, राष्ट्रगीत आणि स्नेहसंमेलनाची दोन समूहगीते बसवून घेतो. आणि ज्यांच्या घरी संगीतासाठी खासगी शिकवणी लावण्याची ऐपत आहे, ती मुले संध्याकाळी श्रुतिपेटीसमोर बसून मलहरीतील कन्नड गीत म्हणतात.